साडेसहाशे वॅट

पोरीनं सगळं तक्त्यात मांडलंय.
एक चौकट हिरवी झाली की दुसरी लाल होते.
तीन आठवडे आमच्याकडे भात आणि काळ्या घेवड्यासोबत
हेच शिजतंय: सहा कोअर की आठ,
रॅम सोळाची एकच, की आठ-आठच्या दोन.
दोनच, म्हणते तायनारा, दोन हातांनी जास्त पाणी उपसता येतं.

मी वाल्देसीर, लिफ्ट दुरुस्त करतो.
साओ पाउलोतल्या एकतीस इमारती
माझ्या भरवशावर वर-खाली होतात.
मला यातलं फार कळत नाही.
पण मोठं ग्राफिक्स कार्ड नि दुबळा प्रोसेसर
असा बेत तिनं सांगितला, तेव्हा म्हणालो,
नाकापेक्षा मोती जड.
त्या दिवशी तक्त्यात मला एक रकाना मिळाला:
बाबाचं मत.

शनिवारी सांता इफिजेनिया.
दुकानावर दुकान, जिन्यातसुद्धा दुकान,
फुटपाथवर वायरी भाजीसारख्या जुड्या बांधून.
'मधलं बजेट' म्हटलं की विक्रेते
आधी आपले बूट बघतात, मग किंमत सांगतात.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण इथे अंथरूणच मिळतं बारा हप्त्यांवर,
आणि सतरा वर्षांच्या पोरीचे पाय
हप्त्यांसाठी थांबत नाहीत.

तौफीकच्या गाळ्यात ते कार्ड होतं.
तीन पंख्यांचं, वापरलेलं, निम्म्या किमतीत.
"एकच पोरगा खेळायचा," तौफीक म्हणाला,
"तोही रविवारी, तासभर."
तायनारानं ते दोन्ही हातांत धरलं,
तान्हं बाळ धरावं तसं, मानेखाली हात देऊन.
मी घेतलं आणि नाकाशी नेलं.
हसा खुशाल.
मोटरची कॉइल जळायला आली की
आधी वास सुटतो, मग आवाज येतो,
मग माणसं अडकतात
सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधे.
तोच वास होता, वरून स्पिरिटनं पुसलेला.
हे खेळलेलं नाही, मी म्हणालो, राबलेलं आहे.
कुणासाठी तरी रात्रंदिवस नाणी खणत होतं.
तौफीकनं पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

ती बराच वेळ बोलली नाही.
कोपऱ्यावर लिंबू पिळलेला उसाचा रस घेतला,
अर्धाच प्यायली.
मग उभ्या उभ्या फोनवर तक्ता उघडून
आपल्याच बोटानं एक पायरी खाली उतरली:
नवं कार्ड, दोन पंखे, आठ जीबी, वॉरंटीचा कागद.
कॅबिनेटचे रंगीत दिवेही काढून टाकले.
ते काढायला जरा वेळ लागला.

"सप्लाय स्वस्तातला चालेल," म्हणाली.
तिथे मात्र मी अडून बसलो.
लिफ्टमध्ये आरसा लावतात, गाणी लावतात,
बटणांच्या रंगावरून इमारतीच्या सभा रात्री दहापर्यंत चालतात.
दोर कसला आहे, कुणी विचारत नाही.
साडेसहाशे वॅट. काळा, जड, नावाजलेला.
पिशवीतली सगळ्यात कंटाळवाणी वस्तू,
मेट्रोत ती माझ्याच मांडीवर होती.

रात्री जेवणाचं टेबल आवरून तिनं जुळणी केली.
प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण
श्वास रोखून जागी बसवला.
पेस्ट वाटाण्याएवढी; मी म्हणालो, कमी आहे,
ती म्हणाली, गप.
एक स्क्रू उरला. कुठला ते अजून कळलेलं नाही.

अकराला बटण दाबलं.
काही नाही.
पुन्हा दाबलं. काही नाही.
रॅम काढून लावली, केबल काढून लावली,
ओठ दाताखाली गेला.

मला दिसत होतं:
मागच्या बाजूला सप्लायचा बारकासा खटका, शून्यावर.
बावीस वर्षं कुठल्याही तक्रारीला
मी आधी मेन स्विच बघतो.
बोललो नाही.
खिशात हात घालून आतली शिवण उसवत राहिलो.

मग तिचा हात हळूच मागे गेला.
टक.

पंखे फिरले. पडदा काळाच,
फक्त कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती,
आणि तिच्यावरची नजर न काढता
तायनारानं विचारलं,
"तुला माहीत होतं ना?"